पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडताना: प्रोसेसर कोणता घ्यावा?

मोजक्या पैशांत पहिल्यांदाच गेमिंग कॉम्प्युटर जोडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. सुटे भाग निवडताना बहुतेक जण सुरुवात प्रोसेसरपासून करतात आणि गरजेपेक्षा एक पायरी वरचा प्रोसेसर मागतात. मग उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड हलकं घ्यावं लागतं आणि गेम खेळताना नेमकं तेच कमी पडतं. म्हणून आमचं मत आधीच सांगतो. पहिल्या बजेट मशीनला अलीकडच्या पिढीतला सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) साधा प्रोसेसर पुरतो. तिथे वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. याला अपवाद आहेत, तेही खाली दिले आहेत.

एका फ्रेममागे दोघांचं काम

पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, शत्रू आता काय करणार, सर्व्हरकडून काय आलं, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय रंगवायचं याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे देतो. कार्ड त्या यादीवरून चित्र रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी दोघांनाही साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर सातपेक्षाही कमी. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्याच वेगाने गेम चालतो.

रिझोल्यूशन वाढवलं की प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं, कार्डाचं मात्र वाढतं. १०८० पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पी वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख. म्हणून १४४० पी मॉनिटर घेणाऱ्याने प्रोसेसरवर जादा खर्च केला तर त्याचा फायदा बहुतेक गेममध्ये जाणवतच नाही, कारण कार्ड आधीच दमलेलं असतं.

यावरून निवड करायची एक खात्रीची पद्धत निघते आणि आम्ही प्रत्येक ग्राहकाला तीच सांगतो. तुम्ही जो गेम सर्वाधिक खेळणार आहात, त्याच्या दोन वेगळ्या चाचण्या शोधा. एक प्रोसेसरची, म्हणजे अतिशय ताकदवान कार्ड लावून कमी रिझोल्यूशनवर घेतलेली. दुसरी कार्डाची, म्हणजे उत्तम प्रोसेसर लावून तुमच्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनवर घेतलेली. समजा पहिल्या चाचणीत तुमच्या मनातला प्रोसेसर ११० फ्रेम देतो आणि दुसरीत तुमच्या मनातलं कार्ड ७५ देतं. तर तुमच्या मशीनवर ७५ च्या आसपास फ्रेम मिळतील. आता १५० फ्रेम देणारा महाग प्रोसेसर लावला तरी आकडा ७५ च राहणार. उलट कार्ड एक पायरी वरचं घेतलं, तर तो ११० पर्यंत चढू शकतो. चाचणी बघताना सरासरीशेजारी 'एक टक्का लो' (सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा वेग) नावाचा आकडाही असतो, तोही बघा. गेम मध्येच अडखळतो का, ते त्याच आकड्यावरून कळतं. सरासरी चांगली आणि हा आकडा फार खाली असेल, तर खेळताना हात आखडल्यासारखं वाटतं.

अपवाद कुठे

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धात्मक गेम १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वेगवान मॉनिटरवर, ग्राफिक्स कमी ठेवून खेळायचे असतील, तर बोजा प्रोसेसरवर येतो. शहर किंवा कारखाने उभारण्याचे, मोठ्या सैन्याचे, शेकडो पात्रांची एकाच वेळी हालचाल असणारे गेमही प्रोसेसरचीच परीक्षा बघतात. सेटिंगमध्ये गर्दीचं प्रमाण आणि लांबवरचं दृश्य वाढवलं की प्रोसेसरवरचा भार वाढतो. रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची पद्धत) हे फक्त कार्डाचं काम आहे असा समज आहे, पण तेही प्रोसेसरकडून बरंच काम मागून घेतं. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) सुरू केलं की गेम आतून कमी रिझोल्यूशनवर चालतो. कार्ड मोकळं होतं आणि मग प्रोसेसरची मर्यादा उघडी पडते. तुमचा बराचसा वेळ अशा गेममध्ये जाणार असेल, तर प्रोसेसरला थोडं झुकतं माप द्या.

सहाच कोअर का

२०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत एएमडीच्या झेन २ रचनेचा आठ कोअर, सोळा थ्रेडचा प्रोसेसर आहे (जितके थ्रेड, तितकी कामं एकाच वेळी हाताळता येतात). मोठे गेम याच मशीन डोळ्यांसमोर ठेवून बनतात, त्यामुळे काम अनेक कोअरवर वाटून देण्याची सवय आता गेममध्येच मुरली आहे. त्यानंतरच्या रचनेचे सहा वेगवान कोअर आणि बारा थ्रेड हे काम नीट पेलतात. चार कोअर, आठ थ्रेडचा इंटेल आय३-१२१००एफ प्रत्येक कोअरमागे चांगलाच वेगवान आहे आणि पैसे अगदीच कमी असतील तर तो वाईट नाही. पण मागे ब्राउझर, व्हॉइस चॅट, रेकॉर्डिंग सुरू असताना नवा मोठा गेम चालवला की अडखळणं आधी त्याच्यावर दिसतं. आठ कोअर फक्त गेमसाठी घेऊ नका. व्हिडिओ संपादन किंवा थ्रीडीचं काम नियमित करणार असाल तर तो खर्च पटण्यासारखा आहे.

नावातल्या आकड्याला भुलू नका. २०११ चा आय७-२६०० आणि २०२२ चा आय३-१२१००एफ, दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, तरी हा आय३ त्या आय७ ला सहज मागे टाकतो. गिगाहर्ट्झचंही तसंच. एकाच पिढीतल्या दोन प्रोसेसरची तुलना त्यावरून थोडीफार होते, दोन पिढ्यांची होत नाही, कारण नवी रचना घड्याळाच्या एका ठोक्यात जास्त काम उरकते.

रायझन ५५००, ५६०० आणि ५६००जी: सारखी दिसणारी तीन नावं

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर. एएमडीच्या या तिन्ही प्रोसेसरांत सहा कोअर, बारा थ्रेड आणि झेन ३ रचना आहे, तिन्ही ६५ वॉटचे आहेत आणि एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेत) बसतात. फरक आत आहे. ५६०० मध्ये एल३ कॅशे ३२ एमबी आहे, उरलेल्या दोघांत १६ एमबी. कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी, अतिवेगवान मेमरी. सुतार रोजची पटाशी हाताशी ठेवतो, दर वेळी कोठीतून आणत नाही, तसं प्रोसेसर सतत लागणारा डेटा इथे ठेवतो. गेम तोच तोच डेटा वारंवार मागतात, त्यामुळे मोठ्या कॅशेचा फायदा इतर कामांपेक्षा गेममध्ये जास्त दिसतो. एएमडीने २०२२ मध्ये ५८००एक्स३डी आणला तो याच विचाराने, ९६ एमबी एल३ कॅशे देऊन.

दुसरा फरक पीसीआय एक्स्प्रेसचा, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातल्या जोडणीचा. ५६०० कार्डाशी ४.० आवृत्तीने बोलतो, ५५०० आणि ५६००जी ३.० ने. बहुतेक कार्डांना याने फारसं बिघडत नाही. पण रेडिऑन आरएक्स ६५००एक्सटी सारख्या स्वस्त कार्डाला फक्त चार लेन (डेटा ने-आण करायच्या वाटा) आहेत. ते ३.० वर लावलं की आधीच अरुंद असलेला रस्ता निम्मा होतो आणि फ्रेम स्पष्ट कमी होतात. बजेट मशीनमध्ये नेमकी हीच जोडी जमण्याची शक्यता जास्त असते, म्हणून कार्ड आणि प्रोसेसर एकत्रच ठरवा. मदरबोर्डही बघा. ५६०० सोबत बी५५० वर कार्डाला ४.० मिळतं, ए५२० आणि बी४५० वर ३.० च.

५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहेत. आत्ता कार्ड घ्यायचं नाही, हलके गेम चालले तरी पुरे, असं असेल तरच तो घ्या. एएम५ या नव्या सॉकेटवरचा रायझन ५ ८६००जी याच कामासाठी बराच पुढे आहे. अशा प्रोसेसरसोबत रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या लावाच. आतल्या ग्राफिक्सना वेगळी मेमरी नसते, रॅमच वापरली जाते, आणि एका पट्टीवर तिचा वेग निम्मा होतो. कार्ड आजच घेणार असाल तर मात्र 'जी' वर पैसे घालू नका.

उलट टोकाला इंटेलच्या नावाअखेरचं 'एफ'. त्यात ग्राफिक्स नसतात, आणि रायझन ५६०० मध्येही नसतात. अशा मशीनवर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली तर पडदा काळाच राहतो. ती कार्डालाच लावायची. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) मोकळीक. त्यासाठी झेड मालिकेचा मदरबोर्ड आणि वेगळा कूलर लागतो, पहिल्या बजेट मशीनला याची गरज नाही.

प्रोसेसर एकटा घेता येत नाही

प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड आणि रॅमचा प्रकारही ठरतो. म्हणून तिन्हींची बेरीज करूनच तुलना करा, नुसत्या प्रोसेसरची किंमत फसवते. एएम४ वर डीडीआर४ रॅम चालते, एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १२ वी, १३ वी आणि १४ वी पिढी बसते आणि रॅम कोणती ते मदरबोर्डवर अवलंबून असतं. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसतच नाही.

पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ चा सॉकेट जास्त उपयोगी. एएमडीने त्याला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं जाहीर केलं आहे. एएम४ चा अनुभवही चांगला आहे: २०१७ मधल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चे प्रोसेसर चालले. एलजीए १७०० चा रस्ता १४ व्या पिढीशी संपतो, इंटेलचे त्यानंतरचे डेस्कटॉप प्रोसेसर वेगळ्या सॉकेटचे आहेत. तरीही आय५-१२४००एफ हा सहा कोअरचा प्रोसेसर आजही आम्ही निःशंकपणे सुचवतो. पाच वर्षं काहीच बदलायचं नाही असं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी सॉकेटच्या भविष्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर लावण्याआधी बायोसची आवृत्ती तपासा, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते. पहिलं मशीन जोडणाऱ्याला ती फार उपयोगी पडते.

वापरलेला प्रोसेसर

वापरलेला प्रोसेसर घ्यायला हरकत नाही, हा भाग सहसा लवकर बिघडत नाही. पण वय बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची ८ वी पिढी किंवा रायझन २००० मालिका, आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू असल्याशिवाय उघडत नाही. २०१३ च्या आधीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा आदेशसंच नाही आणि काही नवे गेम त्याच्याशिवाय चालत नाहीत. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही वरच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता आली होती. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड अपडेट दिलं आणि वॉरंटीही वाढवली. असा वापरलेला प्रोसेसर घेताना तो कसा वापरला गेला ते विचारा आणि बायोस लगेच अद्ययावत करा. १२ वी पिढी या अडचणीत नव्हती. एएम४ प्रोसेसर घेताना खालच्या पिना उजेडात तिरक्या धरून बघा, वाकलेली पिन लगेच दिसते.

जोडून झाल्यावर

५६०० आणि आय५-१२४००एफ यांच्या डबाबंद पॅकमध्ये कूलर येतो आणि रोजच्या खेळाला तो पुरतो. ट्रे पॅकमध्ये (डब्याशिवाय सुट्या प्रोसेसरसोबत) येत नाही, किंमत बघताना हे लक्षात ठेवा. रॅम विकत घेतलेल्या वेगाने आपोआप चालत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करावं लागतं, आणि हे राहून गेलं तर चांगला प्रोसेसरही मंद वाटतो.

गेम अपेक्षेपेक्षा हळू चालला तर काही नवीन घेण्याआधी रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर अडचण प्रोसेसर किंवा रॅमकडे आहे, किंवा गेममध्ये फ्रेमची मर्यादा लावलेली आहे.

आमच्याकडे विचारायला याल तेव्हा चार गोष्टी लिहून आणा: तुम्ही खेळणार असलेल्या तीन-चार गेमची नावं, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ, हाताशी आधीच असलेले भाग, आणि पूर्ण मशीनसाठी ठरवलेली रक्कम. एवढं असलं की प्रोसेसर आणि कार्डाची जोडी तुमच्यासमोर बसूनच ठरवू.