मामाला टाटाला नेलं, पण सांगितलं नाही

आमच्या भागात "टाटाला नेलं" एवढं म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव निघालं म्हणजे कॅन्सर, हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. तरी मामाच्या वेळेला आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्याला सांगायचं नाही, फुफ्फुसात पाणी झालंय एवढंच म्हणायचं, आणि मग त्याला घेऊन परळलाच निघालो! दादरला टॅक्सी केली, ड्रायव्हरने आमच्या हातातली फाईल बघून विचारलं "टाटा ना?", तर "हो" मामाच म्हणाला. मी पुढच्या सीटवर होतो, मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

डॉक्टर लोकांना हे काही नवीन नसतं. राउंड संपला की मुलगा नाहीतर जावई मागे मागे कॉरिडॉरमध्ये येतो, "सर, पेशंटला काही बोलू नका, हाय खाईल", आणि मग ऑपरेशन करायचं का, केमो द्यायची का, हे सगळं तिथेच लिफ्टजवळ उभ्या उभ्या ठरतं. ज्याचं शरीर आहे तो आत बेडवर पेज पीत असतो.

आपली पद्धतच अशी, कुटुंब महत्त्वाचं, असं म्हणून आपण हे सोडून देतो. पण १९६१ साली अमेरिकेत, शिकागोच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना विचारलं होतं की कॅन्सर निघाला तर पेशंटला सांगता का, तर जवळपास ९० टक्के म्हणाले, सहसा नाही सांगत. मग १९७९ मध्ये अमेरिकेतल्याच रॉचेस्टर शहरात तीच प्रश्नावली परत वापरली तेव्हा ९७ टक्के म्हणाले, सांगतो. म्हणजे १८ वर्षांत गाडी पूर्ण उलट फिरली. मधल्या काळात उपचार सुधारले आणि पेशंटच्या हक्कांची चळवळ जोरात आली. तेव्हा "आपल्याकडे असंच चालतं" हे वाक्य मला तरी फार पटत नाही, त्यांच्याकडेही असंच चालायचं.

आता सहीचं बघू. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर फॉर्म घेऊन येते, बारीक अक्षरात, बहुतेक वेळा इंग्रजीत, "इथे सही करा, इथे नातेवाइकाची". आपल्याला वाटतं संमती म्हणजे हेच. पण २००८ साली सुप्रीम कोर्टाने यावर एक महत्त्वाचा निकाल दिलाय. दिल्लीतली एक ४४ वर्षांची अविवाहित बाई, रक्तस्रावाचा त्रास, तिने सही केली ती दुर्बिणीने तपासणी करायला. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकली. डॉक्टरांचं म्हणणं, रोगाला तोच इलाज होता, परत दुसरं ऑपरेशन करायला लागू नये म्हणून केलं. हेतू वाईट नव्हता हे कोर्टानेही मानलं. पण जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणारच होती, मग तिला विचारायला थांबता आलं असतं की. आईची सही चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नाही, असं कोर्ट म्हणालं. भरपाई किती, तर २५ हजार रुपये आणि डॉक्टरांची फी रद्द. (रक्कम वाचून मला राग आला होता, पण तो विषय वेगळा.) काय सांगायलाच पाहिजे तेही निकालात आहे: काय करणार, कशासाठी, फायदा काय, मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय काय आणि काहीच केलं नाही तर काय होईल. हा शेवटचा प्रश्न आपण कधी विचारतच नाही.

बरं, सांगितलं तरी कसं सांगितलं यावरही खूप अवलंबून असतं. १९८२ साली छापून आलेला एक अमेरिकन प्रयोग आहे, फुफ्फुसाचा कॅन्सर आहे असं समजा, ऑपरेशन घ्याल की रेडिएशन? काहींना सांगितलं ऑपरेशनमधून १०० पैकी ९० जण वाचतात, काहींना सांगितलं १०० पैकी १० जण दगावतात. हिशोब एकच! पण "दगावतात" ऐकलेल्यांपैकी बरेच जास्त लोक रेडिएशनकडे वळले, आणि गंमत म्हणजे त्यात डॉक्टरही होते, तेही तितकेच फसले.

ब्रिटनमध्ये १९९५ ला असंच झालं. नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो अशी बातमी आली, बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात हजारोंनी वाढले. दुप्पट म्हणजे किती, तर साधारण ७००० बायकांत एकीचा धोका होता तो दोघींना झाला. म्हणून कोणी टक्के सांगितले की विचारायचं, "माझ्यासारख्या शंभर पेशंटमध्ये किती जणांना होतं?" आणि चांगले डॉक्टर समजावून झाल्यावर "कळलं ना?" असं नाही विचारत, कारण त्याला आपण सगळे मान डोलावतो. ते म्हणतात, "घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल, मला सांगून दाखवा." तेव्हा कळतं किती पोचलं ते.

काही लोकांना खरंच ऐकायचं नसतं, मुलगा ठरवेल म्हणतात, तोही त्यांचा हक्कच आहे. पण ते त्यांनी म्हणायला पाहिजे ना, आपण त्यांच्या वतीने कॉरिडॉरमध्ये नाही.

मामाला हे विचारलं ते एका निवासी डॉक्टर मुलीने, आम्ही खाली चहाला गेलो होतो तेव्हा. "काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवीये?" मामा म्हणाला, सगळं सांग पोरी, फक्त आमच्या लोकांना कळू देऊ नको मला माहितीये म्हणून, त्यांना झेपणार नाही. हे मला त्याने सहा महिन्यांनी बांधावर बसून सांगितलं, हसत हसत. पहिली केमो त्यानेच डॉक्टरांना विचारून पेरणीनंतर लावून घेतली होती. आम्ही तिकडे बेड मिळत नाही म्हणून तारीख लांबली समजून ओळखीपाळखी शोधत फिरत होतो.