समुद्रावर जायचंय? आधी तिथी बघा

नागपुरात झिरो माइलच्या खांबाजवळच्या दगडावर त्या जागेची उंची कोरलेली आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट. साडेपाचशे किलोमीटरच्या आत कुठल्याही दिशेला समुद्र नाही, तरी शहराची उंची मोजायची ती त्याच्यापासूनच. ही समुद्रसपाटी प्रत्यक्षात कुठे दिसत नाही. बंदरांवर वर्षानुवर्षं पाण्याच्या चढउताराच्या नोंदी घेतल्या, त्यांची सरासरी काढली आणि तिला हे नाव दिलं. समुद्र त्या पातळीवर कधी थांबत नाही. दिवसातून साधारण चार वेळा ती ओलांडतो, दोनदा चढताना आणि दोनदा उतरताना.

आपल्या अंगवळणी न पडलेली गोष्ट नेमकी हीच. आपलं नागपूरकरांचं पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव, फार तर तोतलाडोहचं धरण. सकाळी काठ जिथे होता तिथेच संध्याकाळी असतो. ही सवय घेऊन आपण कोकणात उतरतो. आता तर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर २०२५ मध्ये पूर्ण खुले झाले, मडगावला थेट गाडी आहे, त्यामुळे दिवाळी आणि मे महिन्यात नागपूरच्या एमएच-३१ क्रमांकाच्या गाड्या दिवेआगरपासून तारकर्लीपर्यंत दिसतात. (खरं तर नकाशावर पट्टी ठेवली तर आपल्याला विशाखापट्टणम मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटर जवळ आहे. पण मन कोकणाकडे धावतं, त्याला इलाज नाही.)

किनाऱ्यावर जबाबदारीने वागणं म्हणजे कचरा न टाकणं, एवढाच अर्थ आपल्या डोक्यात असतो. तो खोटा नाही, पण फार अपुरा आहे. पर्यटकांच्या हातून किनाऱ्याचं आणि पर्यटकांचं स्वतःचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं किनाऱ्याला मैदान समजल्यामुळे होतं. त्याचं वेळापत्रक समजून घेतलं तर निम्मं काम झालं, आणि ते वेळापत्रक आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेलं असतं.

कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. पाऊण तासाचं गणित आलं ते त्यातूनच. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि तो महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरता आहे. पुरीला किंवा विशाखापट्टणमला हे गणित चालणार नाही, कारण भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या वेळी पोचते.

पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र काम करते आणि भरती मोठी होते. कोकणात त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ओढी काटकोनात येतात, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, तो भांग. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो.

आता हेच गणित सहलीला लावून बघा. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओहोटी. तीही उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात दूर गेलेलं. सूर्यास्त बघायला माणसं येतात तेव्हा किनारा वर्षातल्या सगळ्यात रुंद रूपांपैकी एका रूपात असतो. ओली, टणक, सपाट वाळू बघून गाडी खाली घेण्याचा मोह होतो. आणि नेमकं त्याच क्षणापासून, अंधार पडत असताना, पाणी परत फिरलेलं असतं. ते एका गतीने येत नाही. पहिल्या तासात फारसं काही कळत नाही. चढायच्या एकूण उंचीपैकी जवळपास निम्मी उंची तिसऱ्या आणि चौथ्या तासात गाठली जाते. किनाऱ्याचा उतार पन्नासात एक धरला आणि पाणी एकूण तीन मीटर चढणार असेल, तर या दोन तासांत ते सुमारे पंचाहत्तर मीटर आत येतं. कोजागिरीचं दूध किनाऱ्यावर आटवायचा बेत असेल तर ऐन प्रसादाच्या वेळी समुद्र सगळ्यात वर असणार, हे धरून चूल मांडावी.

गाडी का रुतते, यातही एक सुरेख विज्ञान आहे. ओलसर वाळूच्या कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल असतात, त्यांच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात. म्हणून किल्ला ओल्या वाळूचा होतो, कोरड्या वाळूचा होत नाही. पण पाणी कणांमधल्या सगळ्या फटी भरून टाकेल एवढं झालं की हे पूल नाहीसे होतात. ओहोटीच्या रेषेजवळची वाळू तशीच पाण्याने भरलेली असते. त्यावर पाऊल टाकलं की क्षणभर पावलाभोवतीची वाळू पांढुरकी, कोरडी दिसते, तुम्हीही पाहिलं असेल. दाबामुळे घट्ट बसलेले कण एकमेकांवर चढतात, फटी वाढतात आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. पाऊल असतं तोवर हे गमतीचं. चाक मात्र थरथरतं आणि घसरतं, त्यामुळे कणांमधल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि वाळू भार पेलेनाशी होते. मग जेवढी रेस द्याल तेवढी गाडी खाली. ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते. खारं पाणी इंजिनात गेल्यावर त्या गाडीचं काय होतं ते सांगायला नको, पण तिचं तेल आणि डिझेल किनाऱ्यावर उतरतं, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही.

पोहण्याच्या बाबतीत तलावात शिकलेलं शहाणपण समुद्रात उलटं पडतं. तलावात जिथे पाणी शांत तिथे उतरायचं, असं आपण शिकतो. समुद्रात फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसला तर ती बहुधा सगळ्यात वाईट जागा असते. लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे ढकलत असतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. पाण्याखाली वाळूचा बांध असतो, त्यात जिथे खिंड पडलेली असते तिथून ते जोराने बाहेर पडतं. जोराच्या पावसात गच्चीवरचं सगळं पाणी एकाच पन्हाळीतून उसळून पडतं, तसंच. खिंडीत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही, म्हणून तो पट्टा शांत दिसतो. त्यातून फेस किंवा गढूळ वाळू समुद्राकडे जाताना दिसली तर शंकाच नको.

हा परतीचा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. म्हणजे शंभर मीटर पन्नास सेकंदांत. त्याच्याविरुद्ध पोहणं ऑलिंपिकमधल्या जलतरणपटूलाही जमलं तर जमलं. लोक बुडतात ते बहुतेक वेळा किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट धरून दमल्यामुळे. प्रवाह अरुंद असतो आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे त्याचा जोर ओसरतो. त्यामुळे तरंगत राहायचं, हात वर करायचा, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग फुटणाऱ्या लाटांसोबत परत यायचं. आणि किनाऱ्यावरच्या माणसाने वाचवायला थेट उडी मारायची नाही. तरंगणारी वस्तू फेकायची आणि जीवरक्षकाला हाक मारायची. एकाला वाचवायला गेलेले दोघे गेले, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

आभाळ निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेलच असंही नाही. हजारो किलोमीटर दक्षिणेला उठलेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी भारताच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात, आणि इथे तेव्हा वाराही नसतो. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था अशा लाटांचे इशारे देते. निघण्याआधी ते बघायला दोन मिनिटं लागतात. पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीच बंद असते. तो काळ माशांच्या प्रजननाचाही असतो, आणि ज्या समुद्रात त्या नौका उतरत नाहीत त्यात आपण उतरायचं काही कारण नाही.

आता किनाऱ्यावरच्या रहिवाशांकडे वळू. पेंचला किंवा ताडोबाला गेल्यावर हाच नागपूरकर किती शहाण्यासारखा वागतो! जिप्सीतून पाय खाली टाकत नाही, पोराला दटावून गप्प बसवतो, बिस्किटाचा कागद खिशात ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे म्हणून नव्हे, तर गाईड सोबत असतो म्हणून, असं माझं मत. कारण त्याच अनुसूचीत ऑलिव्ह रिडले कासवही आहे, आणि त्याच्या अंगणातून आपण गाडी घालतो.

ही मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चदरम्यान रात्री कोकणच्या किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. ती नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या अधिक. पिल्लांना समुद्र सापडतो तो उजेडावरून, कारण रात्री मोकळ्या क्षितिजाची बाजू जमिनीपेक्षा उजळ असते. मागे रिसॉर्टचे दिवे किंवा गाडीचे हेडलाइट असले तर ती उलटी चालू लागतात. टायरच्या खोल चाकोरीत पडली तर त्यातच फिरत राहतात आणि उन्हं वर येईपर्यंत कावळ्यांना, कुत्र्यांना सापडतात. मादीवर टॉर्च मारला तर ती अंडी न घालताच परत जाऊ शकते. मंडणगडजवळच्या वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांचं संरक्षण सुरू केलं आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. तिथे लोक सकाळ-संध्याकाळ दोरीमागे उभं राहून पिल्लं समुद्रात जाताना बघतात. कासव बघायचं तर असं.

याच कासवांनी अलीकडे एक धक्का दिला. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५च्या सुरुवातीला गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे श्रीलंकेला वळसा घालून सुमारे ३५०० किलोमीटर. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, हा समज त्यामुळे पुन्हा तपासावा लागतोय.

शिंपले गोळा करण्याबद्दल बोललं की लोक हसतात. एक मूठ शिंपल्यांनी काय होतं? स्पेनच्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी १९७८ ते ८१ आणि २००८ ते १० या दोन काळांतली शिंपल्यांची मोजदाद ताडून पाहिली. मधल्या काळात पर्यटक पावणेतीन पटींच्या जवळ वाढले आणि शिंपले अडीच पटींहून अधिक घटले. सगळे काही लोकांनी उचलून नेले असं नाही. वर्दळीने आणि यंत्राने किनारा साफ करण्यानेही ते चुरडले गेले असणार. रिकामा शंख शंखवासी खेकड्याचं घर होतो आणि उरलेल्याचा चुरा होऊन त्याची वाळू होते. भरतीरेषेच्या वर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेलही अशीच उपयोगाची. तिच्या मुळांनी वाळूचे ढीग धरून ठेवलेले असतात, आणि पार्किंग नेमकं तिच्यावर होतं.

आणि कचरा? त्याची गोष्ट कोकणात सुरूच होत नाही. नागपूरची नाग नदी पिवळी नदीला घेऊन कन्हान नदीला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत जाते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि गोदावरी आंध्रात अनेक फाट्यांनी बंगालच्या उपसागरात. आपल्या सीताबर्डीच्या नाल्यात टाकलेली खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, प्लास्टिकची पन्नी हा रस्ता धरते. सगळ्या पन्न्या तिथवर पोचत नाहीत. बऱ्याच गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जलपर्णीत अडकतात, काही पुढच्या बंधाऱ्यांवर. पण २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी ओसंडून नाग नदीने घराघरांत पाणी घातलं, तसा पूर वर्षानुवर्षं साचलेलं एका रात्रीत पुढे ढकलतो. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात, नाहीसं मात्र काही होत नाही.

गंमत अशी, की जायला हवं ते अडतं आणि अडायला हवं ते जातं. कन्हानच्या रेतीवर आपली घरं उभी राहिली. ती रेती, आणि धरणांमागे साचणारा गाळ, गोदावरीच्या मुखापर्यंत पूर्वीइतका पोचत नाही. काकिनाड्याजवळचं उप्पाडा हे गाव समुद्र खात चालला आहे. नदीचा गाळ घटणं हे त्यामागचं एक कारण. तिथून जवळच, कोरिंगाच्या खारफुटीपलीकडे होप नावाचं वाळूचं बेट आहे. तिथेही ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, आणि त्यांच्या वाळूत काय मिसळलेलं असेल यात नागपूरच्या धरमपेठ, महाल आणि इतवारीचाही वाटा आहे.