पार्श्वभूमी : ब्रिटनचा वायरलेस मोबाइल नेटवर्कवर जाताना का अडला?

ब्रिटनमधले पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका आज ज्या वायरलेसवर बोलतात, तो डिसेंबर २०१९ मध्ये बंद व्हायचा होता. त्याचं नाव एअरवेव्ह. त्याच्या जागी मोबाइलच्या ४जी नेटवर्कवर चालणारं ‘इमर्जन्सी सर्व्हिसेस नेटवर्क’ म्हणजे ईएसएन येणार होतं. २०१९ उलटलं. पुढे २०२२ ची तारीख ठरली, मग २०२६ ची, आणि आता २०२९ चं उद्दिष्ट आहे. शंभराहून अधिक संस्था आणि सुमारे तीन लाख वापरकर्ते अजून जुन्याच सेटवर आहेत. असं का झालं हे कळायला लंडनच्या भुयारी रेल्वेपासून सुरुवात करावी लागते.

१८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्थानकातल्या लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि ३१ माणसं गेली. त्यांत अग्निशमन अधिकारी कॉलिन टाउन्स्ली होते. आग पाहिलेल्या पोलीस शिपायाला कळवण्यासाठी आधी वर रस्त्यावर यावं लागलं होतं, कारण खाली त्याचा सेट चालत नव्हता. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशी अहवालात १५७ शिफारशी होत्या. भुयारात सर्व दलांना एकमेकांशी बोलता येईल अशी यंत्रणा हवी, हा त्यांतला एक मुद्दा होता.

त्या काळी प्रत्येक दलाचे सेट वेगळे होते आणि तंत्र अॅनालॉग. बाजारात मिळणारा स्कॅनर घेऊन कोणीही पोलिसांचं बोलणं ऐकू शकत असे. नव्वदच्या दशकात युरोपात टेट्रा हे डिजिटल मानक तयार झालं. त्यावर उभ्या राहणाऱ्या एअरवेव्हचं कंत्राट २००० साली ब्रिटिश टेलिकॉमला मिळालं. २००५ पर्यंत पोलीस त्यावर आले. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलं त्यानंतर आली. बोलणं सांकेतिक झालं, गट पाडता येऊ लागले आणि संकटात दाबायचं लाल बटण हातात आलं. टेट्रा बोलण्यासाठीच बनवलेला होता आणि ते काम तो फार चांगलं करतो.

पण एअरवेव्ह भुयारात पोहोचायच्या आधीच ७ जुलै २००५ उजाडला. तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट झाले आणि ५२ निरपराध माणसं मारली गेली. खाली फक्त रेल्वे पोलिसांचे सेट चालत होते. बाकीच्या दलांना निरोप पोहोचवायला माणसं वर-खाली धावत होती. रुग्णवाहिका सेवेचे अधिकारी मोबाइलवर विसंबून होते आणि मोबाइल लागत नव्हते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. आजच्या वादाची मुळं मला तिच्यात दिसतात. सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या सांगण्यावरून ओटू या मोबाइल कंपनीने ऑल्डगेट स्थानकाभोवतीच्या एक किलोमीटर परिसरात सर्वसामान्यांचे फोन काही तास रोखले. ज्यांच्या सिमकार्डात खास सोय होती त्यांचेच फोन लागावेत, हा हेतू होता. पण ज्यांना खरंच बोलायचं होतं, त्यांतल्या अनेकांकडे तसं सिम नव्हतंच. शिवाय दलांच्या संयुक्त समन्वय गटाने असं करायचं नाही असं आधी ठरवलं होतं, तरीही ते झालं. घरच्यांची खुशाली विचारणाऱ्या लाखो लोकांचे फोन मात्र तुटले. २००६ मध्ये लंडन असेंब्लीच्या, म्हणजे शहराच्या निर्वाचित सभेच्या, समितीने या दिवसाचा हिशेब मांडला. किंग्ज क्रॉसला १८ वर्षं होऊनही भुयारातला संवाद तिथंच राहिला, हे तिने कठोर शब्दांत सुनावलं. त्यानंतर एअरवेव्ह भुयारात उतरला.

जुलै २००५ मध्येच, लंडनच्या स्फोटांनंतर १९ दिवसांनी, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीज गेली, मोबाइलचे टॉवर गप्प झाले आणि घरी न पोहोचलेल्या माणसाचा ठावठिकाणा घरच्यांना रात्रभर कळला नाही. मुंबईकराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग इतकं सगळं माहीत असताना आपत्कालीन सेवा मोबाइल नेटवर्कवर न्यायची कशाला? कारण टेट्रावर बोलता येतं, पण पाहता येत नाही. त्याचा डेटा सेकंदाला काही किलोबिट इतकाच. जळत्या इमारतीचा नकाशा, रुग्णाचा ईसीजी, घटनास्थळाचं चित्रण यांतलं काहीच त्यावरून नीट जात नाही. पोलीस शिपायाच्या खिशातला स्वतःचा फोन त्याच्या सरकारी सेटपेक्षा कितीतरी जास्त काम करू लागला होता. शिवाय एअरवेव्ह महाग होता. स्वतंत्र टॉवर पोसण्यापेक्षा आधीच उभ्या असलेल्या व्यावसायिक नेटवर्कमध्ये आपत्कालीन सेवांना अग्रक्रम द्यावा, गर्दी झाली तर बाकीचे कॉल बाजूला सारावेत, असा विचार झाला. कल्पना चुकीची नव्हती. घाई चुकीची होती.

डिसेंबर २०१५ मध्ये ईएसएनच्या नेटवर्कचं कंत्राट ईई या मोबाइल कंपनीला आणि त्यावरच्या सॉफ्टवेअर व सेवांचं मोटोरोलाला मिळालं. मोबाइल नेटवर्कवर वॉकीटॉकीसारखं बोलण्याचं आंतरराष्ट्रीय मानक मात्र मार्च २०१६ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे वस्तूचं मानक ठरण्याआधीच तिची खरेदी झाली होती. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्येच धोका दाखवला होता : हा मार्ग देशपातळीवर कुठेही सिद्ध झालेला नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मोटोरोलाने खुद्द एअरवेव्ह विकत घेतला. जुन्याची जागा घेणारी यंत्रणा उभारायचं कामही तिच्याकडे आणि जुनं जितकं लांबेल तितकं उत्पन्नही तिच्याकडे. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२१ मध्ये चौकशी सुरू केली. वर्षाला सुमारे २० कोटी पौंड जादा आकारता येतील अशी ही स्थिती आहे, असा निष्कर्ष काढून २०२३ मध्ये दरांवर मर्यादा घातली. मोटोरोलाने हा निष्कर्ष नाकारला आणि अपील केलं, पण ते फेटाळलं गेलं. कंपनी तोवर ईएसएनमधून बाहेर पडली होती. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या जागी आयबीएम आली. दरम्यान २०१९ च्या लेखापरीक्षणात एकूण खर्चाचा अंदाज ३.१ अब्ज पौंडांनी वाढून ९.३ अब्जांवर गेला होता.

पैशाचं हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. मला मात्र अडचणीचं मूळ दुसरीकडे दिसतं. वायरलेस म्हणजे दोन माणसांचा फोन नव्हे. एकाने बटण दाबलं की गटातल्या सगळ्यांच्या कानात तोच आवाज त्याच क्षणी पडतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री जखमी पोलीस कर्मचारी अरुण जाधव यांनी हल्लेखोरांबद्दल कंट्रोलला कळवलं, तो संदेश वायरलेसवरून सगळीकडे गेला आणि गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीला उभ्या असलेल्या डी. बी. मार्गच्या पोलिसांनी हल्लेखोरांनी पळवलेली स्कोडा गाडी अडवली. तिथेच तुकाराम ओंबळे यांनी कसाबला धरून ठेवलं. अशा वेळी एकेकाला फोन लावत बसलं तर गाडी निघून जाते. म्हणून नव्या मानकात बटण दाबल्यापासून बोलायला मिळेपर्यंतचा वेळ ३०० मिलिसेकंदांच्या आत हवा, अशी अट आहे. सामान्य ग्राहकांसाठी बांधलेल्या नेटवर्कवर, हजारो माणसं चित्रण करत असताना, ती पाळणं कठीण असतं.

त्याहून अवघड भाग टॉवर नसतानाचा. टेट्राचे दोन सेट मध्ये कोणताही टॉवर नसला तरी थेट एकमेकांशी बोलतात. तळघरात शिरलेल्या जवानासाठी हीच शेवटची दोरी. ४जीच्या मानकात फोन-ते-फोन थेट संवादाची तरतूद झाली, पण चिप बनवणाऱ्यांनी ती बाजारातल्या फोनमध्ये फारशी आणलीच नाही. कोट्यवधी फोन खपणाऱ्या धंद्यात काही लाख पोलिसांच्या गरजेसाठी कोणी थांबत नाही.

इतर देशांनी वेगळ्या वाटा धरल्या. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. मनोरे कोसळतील हा पोलीस हेलिकॉप्टरमधून दिलेला इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. तिथे २०१२ च्या कायद्याने आपत्कालीन सेवांच्या मोबाइल नेटवर्कसाठी फर्स्टनेट स्थापन झालं, त्याला ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात स्वतःची २० मेगाहर्ट्झ जागा मिळाली आणि २०१७ मध्ये एटी अँड टीबरोबर २५ वर्षांचा करार झाला. जुने रेडिओ मात्र लगेच बंद करायची तारीख लादली नाही. दक्षिण कोरियाने २०१४ च्या सेवोल जहाज दुर्घटनेत ३०४ माणसं गमावल्यावर स्वतंत्र ४जी नेटवर्क उभारलं. ते २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. पुढच्याच वर्षी इटेवॉनच्या चेंगराचेंगरीत १५९ जण गेले, तेव्हा वेगवेगळ्या यंत्रणांनी त्यावर एकत्र बोलण्याची सोय नीट वापरलीच नाही, अशी टीका झाली.

भारतात पोलीस वायरलेसच्या समन्वयाचं संचालनालय १९४६ पासून आहे. महाराष्ट्रात हे काम पुण्यात मुख्यालय असलेला पोलीस बिनतारी संदेश विभाग पाहतो. जून २०१८ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने आपत्कालीन सेवांच्या ब्रॉडबँड नेटवर्कबद्दल शिफारशी दिल्या : ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात देशभर राखीव जागा, सरकारी आणि व्यावसायिक नेटवर्क यांची मिश्र रचना आणि सुरुवातीला बीएसएनएल-एमटीएनएलमार्फत संवेदनशील भागांत प्रायोगिक चाचण्या. चाचणी आधी आणि देशव्यापी कंत्राट नंतर हा क्रम त्या कागदावर आहे. ब्रिटनमध्ये तो उलटा होता.