एमजीबी : घरच्या घरी देखभाल व दुरुस्ती

एमजीबी ही इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील एमजी कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्‌स कार. एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतील मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. कारखाना १९८०च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला, तरी ब्रिटन आणि अमेरिकेत ही गाडी आजही हजारो घरांच्या गॅरेजमध्ये मालकांच्याच हातून दुरुस्त होते. साधे इंजिन, हात पोहोचेल अशी रचना आणि सुट्या भागांचा अखंड पुरवठा या तीन कारणांमुळे हे शक्य झाले. जुनी गाडी स्वतः उघडून शिकायची असेल, तर सुरुवातीला एमजीबीइतकी योग्य गाडी क्वचितच सापडेल.

गाडीची आखणी सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली झाली. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. उघड्या टपाच्या रोडस्टरनंतर १९६५ मध्ये बंद टपाची जीटी आली. तिच्या रूपाला इटलीच्या पिनिनफारिनाचा हात लागला होता. इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ‘बी’ मालिकेतील चार सिलिंडरचे, १,७९८ सीसीचे. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगे होती. १९६४च्या अखेरीपासून ती पाच झाली. १९६७ मध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खडखडाट न होता बसवणारी योजना) मिळाला आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. १९७४च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांमुळे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवली गेली. सुटा भाग मागवताना गाडी नेमकी कोणत्या वर्षाची, हे म्हणूनच आधी ठरवावे लागते.

गंज

एमजीबी विकत घेताना किंवा दुरुस्तीला काढताना पहिली नजर इंजिनावर जाते, ती जायला हवी दारांखालच्या सिलवर. इंजिन उतरवून बांधणे हे काही शनिवार-रविवारांचे काम आहे; सिल कुजलेली असेल तर गाडीचा कणाच गेलेला असतो. ही सिल बाहेरून एका पत्र्याची दिसते. प्रत्यक्षात तिच्यात बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतला पत्रा असे तीन थर असतात. ओल या थरांच्या मध्ये साचते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर पहिला फोड दिसतो तोवर मधला पडदा बहुधा गेलेला असतो. बाहेरचा पत्रा पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या मागेही जातो, त्यामुळे तो नीट बदलायचा तर पुढचे मडगार्ड खोलावे लागते आणि मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो. पुढची मडगार्डे नटबोल्टांवर आहेत, मागची वेल्डिंगने जोडलेली.

कष्ट वाचवायला अनेक जण जुन्या गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवतात, लांबी (पुट्टी) भरतात आणि रंग मारतात. अशी गाडी दोन-तीन वर्षे छान दिसते. आतले कुजणे थांबलेले नसते आणि अपघातात तो भाग काहीही पेलत नाही. ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे. विकत घेणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. चुंबक फिरवून लांबी ओळखता येते. रोडस्टरमध्ये दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट, दिसली तर सांगाडा खचला आहे असे समजावे. टप नसल्याने रोडस्टरची सगळी मजबुती सिलवरच असते. म्हणून जुनी सिल कापण्याआधी गाडीला खालून योग्य ठिकाणी आधार द्यावा, दाराच्या चौकटीत आडवी सळई बसवावी आणि मापे लिहून ठेवावीत. एका वेळी एकच बाजू कापावी.

पुढच्या चाकांच्या मागे मडगार्डाच्या आत चिखल साठतो, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या कुजतात, आणि पेट्रोलची टाकी वरून, डिकीच्या तळाला टेकते तिथे, गंजते. नवा पत्रा बसवला की पोकळ भागांत मेणाचा फवारा मारावा. टाकीजवळ वेल्डिंग करायचे असेल तर टाकी काढून गाडीपासून लांब ठेवावी, यात सवलत नाही.

सांगाडा पारच गेला असेल तर नवा मिळतो, आणि जुन्या गाड्यांच्या जगात ही फार मोठी गोष्ट आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याचे मूळ डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) शोधून काढले आणि १९८८ पासून त्यांवर एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे बनवायला सुरुवात केली. हेच सांगाडे हाताशी असल्यामुळे रोव्हरने पुढे १९९२ ते १९९५ मध्ये एमजी आरव्ही८ ही गाडी काढली. तिचे सुमारे दोन हजार नग बनले आणि बहुतेक जपानला गेले.

हत्यारे

एमजीबीचे बहुतेक नटबोल्ट इंचाच्या मापाचे, युनिफाइड आट्यांचे आहेत. सात-सोळांश, अर्धा आणि नऊ-सोळांश इंच हे तीन पाने असले की बरेच काम होते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसतो, पण सैल बसतो आणि गंजलेल्या बोल्टचे कोपरे झिजवतो. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. खाली शिरण्याआधी पक्के स्टँड लावलेच पाहिजेत. फीलर गेज (बारीक फटी मोजण्याच्या पट्ट्या), टायमिंग लाइट, ग्रीसगन आणि मल्टिमीटर एवढ्यावर नेहमीची देखभाल निघते.

इंजिन, प्रज्वलन आणि कार्ब्युरेटर

क्रम महत्त्वाचा आहे: आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट), मग पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले, ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. गाडी अडखळायला लागली की लोक आधी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवतात आणि बिघाड दुप्पट करून ठेवतात. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, आणि सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. पॉइंट नवे असूनही टायमिंग डळमळत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचा दांडा आडवा हलवून पाहावा; बुश झिजला असेल तर फट कधीच स्थिर राहत नाही. आज मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर आर्म सारख्या दर्जाचे नसतात. चालू स्थितीतला जुना भाग काढलाच, तर तो फेकू नये.

एसयू कार्ब्युरेटर हा या गाडीतला सर्वांत सुंदर भाग. बहुतेक गाड्यांना ते जोडीने असतात. १९७५ पासूनच्या अमेरिकी गाड्यांना मात्र एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग मिळाला. एसयूत हवेच्या वाटेत एक पिस्टन असतो. इंजिन जितकी हवा ओढते तितका तो वर उठतो, आणि त्याच्या टोकाची निमुळती सुई जेटमधून वर सरकत तेवढेच जास्त पेट्रोल सोडते. हवेचा वेग त्यामुळे जवळपास कायम राहतो. वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळ्या जेटांची गरजच उरत नाही. पिस्टनच्या वरच्या नळीत थोडे तेल असते. ते संपले की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी ठेचकाळते. उपाय फक्त तेल भरणे हा असतो.

दोन कार्ब्युरेटर जुळवताना रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरतात. दोन्हींचा सुसकारा सारखा येईपर्यंत थ्रॉटल जुळवायचे. मग मिश्रण. इंजिन गरम असताना पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलावा. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन लगेच मंदावले तर कमी. वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला की मिश्रण बरोबर. एका कार्ब्युरेटरचे काम आटोपले की दुसरा, आणि मग पुन्हा पहिला तपासावा.

तेल २०डब्ल्यू-५०चे लागते आणि गिअरबॉक्समध्येही हेच इंजिन ऑइल जाते. गाडी वर्षभरात कमी चालली असली तरी तेल वर्षातून एकदा बदलावे. गरम इंजिनावर चालत्या गाडीत तेलाचा दाब दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड असावा. क्लचप्लेट बदलणे हे मात्र घरच्या कामांत मोठे: गिअरबॉक्स नुसता खालून उतरत नाही, त्यामुळे इंजिन बाहेर काढावे लागते. हे काम निघालेच, तर ग्रॅफाइटचे रिलीज बेअरिंग आणि मागचा ऑइल सीलही त्याच वेळी बदलावेत.

चाके, सस्पेन्शन, ब्रेक

पुढच्या सस्पेन्शनमध्ये जुन्या पद्धतीच्या किंगपिन (चाक ज्यांवर डावी-उजवीकडे वळते त्या उभ्या पिन) आहेत. त्यांना ग्रीस मिळाले तर त्या दीर्घकाळ टिकतात, नाही मिळाले तर स्टिअरिंग जड होते आणि पिन जाम होते. ग्रीस भरताना चाक जमिनीवरून उचललेले असावे. भार असला की ग्रीस हवे तिथे शिरत नाही. तारांच्या चाकांची मधली दातेरी जागाही दरवर्षी पुसून, ग्रीस लावून बसवावी. निघताना किंवा ब्रेक मारताना मागून ‘टक्’ आवाज आला तर हे दाते झिजले आहेत. मधला मोठा नट गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने सुटतो. दोन्ही बाजूंचे आटे त्यासाठी एकमेकांच्या उलट ठेवलेले आहेत. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. गंजलेल्या लोखंडी नळ्यांच्या जागी तांबे-निकेलच्या नळ्या घालणे उत्तम.

वीज

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या विद्युत सामानाची बदनामी मोठी आहे. तिचा बराचसा भाग सामानाला नव्हे, गंजलेल्या जोडण्यांना आणि खराब अर्थिंगला लागू पडतो. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. हे न पाहता आधुनिक रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन जोडले की ते जळते. तारांचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी सतत बॅटरीशी, पांढरा चावी फिरवल्यावर, हिरवा त्यानंतर फ्यूजमधून, काळा अर्थ. हे चार रंग पाठ असले तर निम्मे बिघाड मल्टिमीटर लावताच सापडतात.

इंधन

ब्रिटनमध्ये १९९९च्या अखेरीस शिशाचे पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेले. जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचे संरक्षण होते. आता हेड उतरवले की तिथे कठीण पोलादाच्या बैठका बसवतात. २०२१ पासून ब्रिटनमध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, ते जुने रबर खाते. पेट्रोलच्या नळ्या त्याला टिकणाऱ्या प्रकारच्या घालणे आवश्यक आहे. नळी फुटून तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल गळणे हा या गाडीला आग लागण्याचा सरळ मार्ग आहे.

भारतातील संबंध

‘बी’ मालिकेचे इंजिन भारतीय मेकॅनिकांना परके नाही. हिंदुस्तान अ‍ॅम्बेसिडरमध्ये अनेक वर्षे याच मालिकेतील १,४८९ सीसीचे इंजिन होते. अ‍ॅम्बेसिडरवर हात बसलेल्या पुण्या-मुंबईच्या जुन्या मेकॅनिकाला एमजीबीचे बॉनेट उघडले की पुशरॉड, रॉकर आणि टॅपेटची रचना ओळखीची वाटते, जरी सगळे भाग एकमेकांना बसत नसले तरी. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकासह नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला चालत नाही. प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीसाठी ती रस्त्यावर आणता येते.