वल्द राणोजी: मराठवाड्यात पूर्वजांचा माग काढताना

तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनं बाड सोडलं की पहिली अडचण येते ती आडनावाची. शोधायला आलेला माणूस आडनाव घेऊन येतो आणि कागदावर ते नसतंच. 'विठोबा वल्द राणोजी, कुणबी', म्हणजे राणोजीचा मुलगा विठोबा, एवढीच नोंद, तीही उर्दूत. गावात त्या काळी तीन राणोजी असले, तर आपला कोणता हे जमिनीचा सर्व्हे नंबर आणि शेजारचे खातेदार लावूनच ठरवावं लागतं.

याचं मूळ इथल्या कारभारात आहे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसी मागे पडून उर्दू ही दरबारची भाषा झाली, गावात मात्र कुलकर्ण्याची मोडी चालूच राहिली. त्यामुळे एकाच घराण्याची सनद फारसीत, दप्तर मोडीत आणि महसुली नोंद उर्दूत, असं सर्रास दिसतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले शिकलेले बरेच लोक उर्दू शाळेत शिकले होते. त्यांना हे कागद घडाघडा वाचता यायचे. पुढे शाळा मराठी झाल्या आणि घरातला कागद घरातल्याच माणसांना वाचता येईना. गावातला उर्दू जाणणारा शेवटचा म्हातारा हयात आहे तोवर त्याच्यापुढे ती बाडं नेऊन बसा, एवढं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

वाचणारा मिळाला तरी काम सोपं नसतं. शिकस्ता या घाईच्या कारकुनी वळणात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे टिंब, गाळलेले असतात. नुक्ते नसले की उर्दूत 'बापू' आणि 'नानू' यांची अक्षरं सारखीच दिसतात. ह्रस्व स्वर तर बहुधा लिहीतच नाहीत.

सालाचीही तीच गत. संस्थानी कागदावर फसली, म्हणजे महसुली कारभाराचं, साल असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. मात्र शेवटच्या काळात फसली वर्ष ऑक्टोबरात आजर महिन्याने सुरू होई, म्हणून १३४० फसली म्हणजे १९३०-३१. जानेवारीनंतरच्या नोंदीला ५९१ धरावे लागतात. हा एका वर्षाचा फरक न पाहिल्याने मुलगा बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला दाखवणाऱ्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

मग प्रश्न येतो, कागद आहे कुठे? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा १९८२ चा, जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होती. आजच्या जिल्ह्याच्या नावाने शोधणारा म्हणूनच चुकीच्या कचेरीत चकरा मारतो. संस्थानाच्या वरिष्ठ कचेऱ्यांचं दप्तर तर हैदराबादेत राहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, तेव्हा तिलाही हैदराबाद गाठावं लागलं. त्या निमित्ताने खासरा (शेतवार जमिनीची नोंद), कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंद), शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हे शब्द घरोघरी पोचले. माझ्या मते सामान्य माणसाला सर्वांत उपयोगी कागद दोन: १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, जिच्यात घरनिहाय माणसं आहेत, आणि १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक.

कबरींचा आधार सगळ्यांना सारखा नाही. दहन करणाऱ्यांच्या मागे दगड क्वचितच उरतो. लिंगायतांत दफन होतं, पण शेताच्या बांधावरच्या समाधीवर नाव कोरलेलं असेलच असं नाही. कोणाची ते भाऊकीला ठाऊक असतं. खुलताबादेत मलिक अंबरापासून औरंगजेबापर्यंतच्या कबरी आहेत, पण तिथल्या खादिम, म्हणजे दर्ग्याची सेवा करणाऱ्या, घराण्यांची पिढ्यांची साखळी दगडापेक्षा इनामाच्या मुंतखबात, म्हणजे इनाम कायम केल्याच्या सरकारी कागदात, सापडते. जालना, हिंगोली इथे छावण्या होत्या, त्यामुळे तिथे गोऱ्या सैनिकांच्या कबरी आहेत. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरांबरोबर पेट्यांतले कागदही गेले. अशा घरांना पैठण, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या मोठा आधार ठरू शकतात. अस्थी घेऊन गेलेल्याने बाप, आजा, गाव सांगून तिथे नोंद केलेली असते.

म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. 'मानमोडीत गेला' म्हणजे १९१८ ची साथ. 'रजाकाराच्या वक्ताला रांगत होती' म्हणजे जन्म १९४७ च्या आसपासचा. हे मधे न टोकता लिहून घ्यावं.

बायका मात्र या सगळ्या दप्तरात नाहीतच, असतील तर 'बेवा अमका', म्हणजे अमक्याची विधवा, म्हणून. ज्या घराला जमीन नव्हती, तेही खासऱ्यात नाही. आमच्या पणजीचं माहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. मग माळ्यावरची पितळी घागर चिंचेने घासली. गळ्याशी लग्नातल्या आहेराची अक्षरं निघाली: तिचं माहेरचं नाव, देणाऱ्या भावाचं नाव आणि गाव. त्या गावच्या खासऱ्यात तो भाऊ सापडला, वल्द कोण तेही. पणजीच्या बापाचं नाव आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.