चांदीच्या क्षारांनी टिपलेले न्यूहेवनचे कोळी

एडिंबरोजवळच्या न्यूहेवन बंदरात 1840 च्या दशकात काढलेला एक फोटो आहे. सँडी लिंटन नावाचा कोळी आपल्या होडीला रेलून उभा आहे आणि होडीच्या पोटाखाली त्याची तीन पोरं अनवाणी बसली आहेत. फोटो सहज टिपल्यासारखा वाटतो. पण लख्ख उन्हातही काही सेकंद, कधी मिनिटभराहून जास्त वेळ हललं नाही, तरच तेव्हा चेहरा उमटायचा. रेलायला होडी आणि बसायला जमीन असल्याने ही माणसं तेवढा वेळ स्थिर राहू शकली.

फोटो काढणारी जोडी होती चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि विशीतला रॉबर्ट अ‍ॅडमसन यांची. मे 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि चारशेहून अधिक धर्मगुरू बाहेर पडले. हिलला त्या प्रसंगाचं भव्य चित्र काढायचं होतं. एवढे चेहरे रंगवायचे कसे? आधी फोटो काढून त्यांवरून ते रंगवता यावेत, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याची अ‍ॅडमसनशी गाठ घालून दिली. इंग्रज संशोधक हेन्री फॉक्स टॅल्बटने कॅलोटाइपचं, म्हणजे कागदावर फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट इंग्लंडमध्ये घेतलं होतं, स्कॉटलंडमध्ये नाही. त्यामुळे एडिंबरोत ती वापरायला आडकाठी नव्हती.

पद्धत अशी: चांगल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड चढवलं की त्यात सिल्व्हर आयोडाइड तयार होतं. फोटो घेण्याआधी त्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि गॅलिक आम्लाचं मिश्रण फिरवायचं. कॅमेऱ्यातून काढलेला कागद बहुधा कोराच दिसे, कारण प्रकाशाने चांदीचे अगदी थोडेच कण सुटे केलेले असत. तेच मिश्रण पुन्हा लावलं की त्या कणांभोवती आणखी चांदी साचत जाई आणि चित्र वर येई. टॅल्बटला 1840 मध्ये गवसलेली ही सुप्त प्रतिमा मला त्या काळातली सर्वांत मोठी झेप वाटते. त्याआधी कागद प्रकाशानेच पुरता काळवंडेपर्यंत थांबावं लागे. पुढे हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) उरलेला क्षार धुऊन काढला की निगेटिव्ह तयार. ती मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरली की हव्या तितक्या प्रती निघत.

हे क्षार निळ्या-जांभळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देतात, तांबड्याला जवळजवळ नाहीच. म्हणूनच निळं आकाश कोरं पांढरं येतं आणि उन्हावाऱ्याने रापलेली कातडी प्रत्यक्षाहून गडद.

इमारतींना हलण्याची भीती नव्हती. बांधकाम चालू असलेलं लेखक वॉल्टर स्कॉटचं स्मारक, एडिंबरोतल्या ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीतली कोरीव थडगी त्यांनी मन लावून टिपली. तिथेही माणसं दिसतात, बहुतेकदा दगडाला टेकलेली.

कॅलोटाइपमध्ये बारकावे धूसर येतात, कारण निगेटिव्हच्या कागदाचे तंतू छपाईत उतरतात. डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा फोटो, याबाबत कितीतरी सरस होता, पण त्याची दुसरी प्रत निघत नसे. हिलला मात्र कागदाचा तो खडबडीतपणाच या चित्रांचा प्राण वाटे, आणि 1849 च्या एका पत्रात त्याने तसं लिहिलंही. मलाही ते पटतं. लिंटनच्या होडीवरची सावली धारदार असती, तर ती इतकी भरीव वाटली नसती.

सुमारे साडेचार वर्षांत या दोघांनी अंदाजे तीन हजार छायाचित्रं काढली. जानेवारी 1848 मध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी, अ‍ॅडमसन गेला. ज्या चित्रासाठी हे सगळं सुरू झालं, ते पुरं करायला हिलला 1866 उजाडलं.