नोफेल की नोऑटो? डिस्क घरी राहिली की लिनक्स बूटच होत नाही त्याबद्दल

एफएसटॅब म्हणजे कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची (म्हणजेच माउंट करायची) ते लिहिलेली लिनक्सची फाइल. तिच्यात नोफेल आणि नोऑटो हे दोन ऑप्शन असतात आणि बरेच जण एकाच्या जागी दुसरा ठोकून मोकळे होतात, कारण कुठलाही टाकला तरी मशीन चालू होतं, मग फरक कळणार कसा.

आधी अडतं कुठे ते बघा. एक्स्टर्नल डिस्कच्या लाइनमधे नुसतं डिफॉल्ट्स (नेहमीचे ऑप्शन) असेल तर सिस्टमडी, म्हणजे बूटला सगळं चालू करणारा प्रोग्राम, ती डिस्क बूटला हवीच असं धरून चालतं. आता डिस्क राहिली घणसोलीला घरी आणि लॅपटॉप उघडला महापेच्या ऑफिसात, की 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत 90 सेकंद लाल चांदण्या इकडून तिकडे फिरतात आणि मग थेट इमर्जन्सी मोड, म्हणजे नुसती कमांड टाइप करायची काळी स्क्रीन. लोक डिस्ट्रोला (उबुंटू, फेडोरा वगैरे) शिव्या घालतात, ते बिचारं सांगितलेलंच करतंय.

नोफेल म्हणजे लावून बघ, नाही मिळाली तर पुढे चल. घरच्या जुन्या पीसीला कायम लटकलेली बॅकअप डिस्क असेल, लाईट जाऊन आल्यावर पीसी आपोआप उठतो पण यूएसबी डिस्क जरा उशिराच जागी होते, तर तिथे हेच पाहिजे.

नोऑटो म्हणजे डिस्क समोर जोडलेली असली तरी बूटला तिला हात लावायचा नाही. फाइलमधलं सगळं एकदम माउंट करणारी माउंट -ए कमांड पण तिला सोडून देते, नाव घेऊन स्वतः माउंट करायची. बॅगेतून फिरणाऱ्या डिस्कला हे बरं. रोज टाइप करायचा कंटाळा असेल तर सोबत एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट टाका, फोल्डर उघडला की तेव्हाच माउंट होते.

मला विचाराल तर नोफेलला जास्त जपून राहा, कारण ते बोंबलत नाही. डिस्क लागली नाही तरी माउंटचा रिकामा फोल्डर जागेवर असतोच, रात्री बॅकअप कॉपी करणारा आरसिंक मुकाट्याने सगळे फोटो त्यातच ओततो म्हणजे तुमच्या मेन डिस्कवर, आणि सकाळी रूट पार्टिशन (जिथे लिनक्स स्वतः असतं ते) फुल्ल. बॅकअपच्या स्क्रिप्टमधे आधी डिस्क लागलीय का ते माउंटपॉइंट -क्यू ने चेक करा, नसेल लागली तर तिथूनच एक्झिट.

आणि हो, लिनक्सने डिस्कला दिलेलं एसडीबी1 वगैरे नाव दोन्हीकडे नकोच, दुसरी डिस्क आधी सापडली की नावं बदलतात, यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख नंबरच टाका. फाइल सेव्ह केली की सिस्टमडीला ती परत वाचायला लावणारं डेमन-रीलोड मारून फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा, टायपो असला तर रीबूटच्या आधीच कळतो.